कुठे उतरणार?

लंडनमधलं माझं पहिलंच वर्ष. रात्री साडेदहाची गाडी, डब्यात मी आणि पार कोपऱ्यात कानात हेडफोन घातलेला एक मुलगा. मधल्या एका स्टेशनवर एक माणूस चढला. अख्खा डबा मोकळा असताना नेमका माझ्या शेजारी येऊन बसला आणि गुडघा टेकवला. मी काय केलं? काही नाही. दोन स्टेशनं खिडकीबाहेरचा काळोख बघत बसले, मग आपलं स्टेशन नसतानाच उतरले आणि कुडकुडत पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.

अहो, मी मुलुंडची! कॉलेजपासून सेंट्रलच्या लेडीज डब्यात वाढलेली. दादरच्या पुलावरून कोपर काढून कसं चालायचं, सॅक पाठीवरून पोटावर कधी घ्यायची, ओढणीची पिन क्षणात हातात कशी आणायची, सगळं येत होतं. एकदा त्याच पुलावर एकाचं मनगट धरून बोंब ठोकली होती, तर मिनिटभरात त्याच्याभोवती वीसेक माणसं जमली होती. मग इथे दातखीळ का बसली?

पुष्कळ दिवसांनी कळलं. ओरडायचं तर ऐकणारं कुणीतरी लागतं. माझा धीटपणा माझा एकटीचा नव्हताच, तो डब्याचा होता. आई म्हणायची, "गर्दीला भिऊ नकोस, रिकाम्या डब्याला भी." रात्री उशीर झाला की पोलीस उभा असलेला लेडीज डबा शोधूनच चढायचं, हा घरचा कायदा.

अर्थात गर्दीचे फार गोडवे नकोत. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. आणि ओढणीची ती पिन आम्ही जवळ बाळगायचो तीसुद्धा गर्दीतल्याच हातांसाठी.

लंडनच्या त्या रात्रीचं दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, तर मैत्रीण म्हणाली, "मग मेसेज का नाही केलास?" इथल्या रेल्वे पोलिसांचा ६१०१६ हा नंबर आहे. डबा, पुढचं स्टेशन, माणसाचं वर्णन गुपचूप टाइप करून पाठवायचं. जिवावरचं असेल तर अर्थात ९९९. आवाज न करता मदत मागता येते, हेच मला नवीन होतं. पबच्या बायकांच्या टॉयलेटमध्ये आणखी एक पाटी दिसते: कुणाबरोबर बसायला भीती वाटत असेल तर काउंटरवर जाऊन 'अँजेला आहे का?' असं विचारा. २०१६मध्ये लिंकनशायरमध्ये ही कल्पना निघाली. कर्मचाऱ्याला काय ते समजतं, तो बाहेर काढायची सोय करतो. मला आपलं आठवलं, घरी नको असलेला पाहुणा चिकटून बसला की आई आतून हाक मारायची, "अगं, दूध उतू जातंय बघ!"

पण शरीर सांभाळायचे नंबर फोनमध्ये भरून झाले, तरी मनाचं काय? डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी दिवसेंदिवस कामाव्यतिरिक्त कुणाशी बोलत नव्हते. एका संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसले आणि तीन गाड्या सोडल्या. ठरवून नाही, उठवेचना. शेजारी एक साठीच्या बाई येऊन बसल्या आणि विचारलं, "ही गाडी क्रॉयडनला जाते ना?" समोर हातभर मोठ्या अक्षरांचा बोर्ड होता. मी हो म्हटलं. मग त्या थंडीबद्दल बोलल्या, माझ्या मफलरबद्दल बोलल्या. चौथ्या गाडीत मी चढले. त्या चढल्याच नाहीत.

पुढे कधीतरी स्टेशनवर पोस्टर पाहिलं आणि उलगडा झाला. कुणी एकटं, हरवल्यासारखं बसलेलं दिसलं तर काहीतरी साधं विचारा, असं लोकांना सांगणारी मोहीम इथे २०१७पासून आहे. सॅमॅरिटन्स नावाची संस्था आणि रेल्वेवाले मिळून चालवतात. हसू आलं आणि घशात काहीतरी अडकलंसुद्धा. आमच्या डब्यात याला पोस्टर लागत नाही. "काय गं, बरं नाही वाटत का? बस इथे," असं म्हणत तिथे अनोळखी बाई स्वतः उठते.

हाच भोचकपणा घरच्यांच्या तोंडी आला की मात्र नको होतो. यंदा जानेवारीत मुलुंडला गेले तर हळदीकुंकवाला मावशीने तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, "अजून काही नाही का? की डॉक्टरला दाखवताय?" सात बायकांसमोर. पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायचे आणि रात्री रडायचे. या वेळी म्हटलं, "मावशी, ते आमच्या दोघांत. तुझा गुडघा कसा आहे?" क्षणभर शांतता पसरली. मग मावशी गुडघ्यावर अर्धा तास बोलली.

त्या रात्री गच्चीवर धाकट्या मामेबहिणीने आपणहून सांगितलं, की ऑफिसातले एक साहेब रात्री-बेरात्री नको ते मेसेज पाठवतात. चार आठवडे चाललं होतं. घरी अवाक्षर नाही. "बाबा म्हणतील, सोड नोकरी." शिक्षा हिलाच! मी फक्त ऐकलं. नंतर म्हटलं, मेसेज एकही डिलीट करू नकोस, आणि लेखी दे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात २०१३च्या कायद्याने तक्रार समिती असावीच लागते, आणि तक्रार तीन महिन्यांत करायची असते. रात्री झोप लागत नाही म्हणाली, तेव्हा तिच्या फोनमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ टाकला. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. खालोखाल मुंबई पोलिसांचा १०३ आणि रेल्वेचा १३९.

तक्रार दिली त्या दिवशी मी तिला आणायला परळला गेले. दादरला स्लो गाडीत कशीबशी चौथी सीट मिळाली, तिला बसवलं. डोळे लाल. समोर उभ्या बाईने पदर सावरत तिला विचारलं, "कुठे उतरणार?"

"मुलुंड."

"मग ही माझी हं. मला डोंबिवली." बाईने एकदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. खांद्यावरची जड पर्स उतरवून तिच्या मांडीवर ठेवली, "धर गं जरा," आणि दाराकडून लोंढा आला तेव्हा दोन्ही हातांनी वरची कडी पकडून तिच्यासमोर उभी राहिली.