शास्त्राचा तास

आमच्या शाळेत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. पोटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, डोक्यावर सोलापूरचं ऊन. अशा वेळी नववीच्या पोरांना मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूच्या चरित्राचं एक पुस्तक, जागेपणी वाचायला लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आमच्या बाईंना ते जमायचं. वर्गात ख्रिस्ती मुलं थोडीच. बाकी पूर्व भागातली पद्मशाली, लिंगायत, मुसलमान, गिरणी कामगारांची. त्यांना तासाला बसायची सक्ती नव्हती, पण बाहेर उन्हात जाऊन करणार काय?

सुरुवातीला रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन व्हायचं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाची चाल काही त्यांना सुटली नाही. त्यामुळे वर्गात ती भजनं सगळ्यात गोड म्हणायचा तो वारकऱ्याच्या घरातला पोरगा. आम्ही चर्चवाले नुसते ओठ हलवायचो.

बाईंनी मार्क घेतला कारण तो चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटा, १६ अध्यायांचा, आणि सारखा पळत असतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते तोच सगळ्यात जुनाही. सुट्या ओळी पाठ करायला त्यांनी कधी लावल्या नाहीत. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ ओढायची, डावीकडे लिहायचं ‘जवळचे’, उजवीकडे ‘वाटेवरचे’, आणि वाचता वाचता जो माणूस येईल त्याचं नाव कुठं लिहायचं ते वर्गानं ठरवायचं.

पहिल्या अध्यायाला डावी बाजू भराभर भरली. येशूनं बोलावताच शिमोन पेत्र आणि आंद्रिया जाळी टाकून निघाले, याकोब आणि योहान तर बाप जब्दी याला मजुरांबरोबर होडीतच सोडून निघाले. आम्हाला वाटलं, झालं, हेच आपले नायक. पण चौथ्या अध्यायात वादळ येतं, हे चौघे घाबरून झोपलेल्या येशूला उठवतात आणि वर बोलणीही खातात. त्याच्या पुढच्याच अध्यायात १२ वर्षं रक्तस्रावानं त्रासलेली बाई गर्दीतून मागून येते, नुसती वस्त्राला शिवते आणि ‘तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं’ असं ऐकते. सातव्यात तर सुरफुनीकी जातीची, म्हणजे परकी बाई येशूशी शब्दाला शब्द लावते आणि मुलीसाठी मागितलेलं घेऊनच जाते. उजवी बाजू भरत चालली. त्यातल्या पुष्कळांना नावंसुद्धा नाहीत. फळ्यावर आम्ही लिहायचो, ‘ती बाई’, ‘त्या पोराचा बाप’.

त्या पोराचा बाप मला अजून सगळ्यात जवळचा वाटतो. नवव्या अध्यायात आजारी पोराला येशूकडे आणून तो म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका दमात. आमच्यातल्या एकानं विचारलं, “बाई, हा पास की नापास?” बाई म्हणाल्या, “पोरगं बरं झालं ना रे त्याचं?” आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

दहाव्या अध्यायाला त्या थांबल्या, चांगल्या दोन तासिका थांबल्या. तिथं येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं? पहिल्यांदा याकोब आणि योहानाला. त्यांना त्याच्या गौरवात उजवी-डावीकडच्या जागा हव्या असतात. येशू नुकताच तिसऱ्यांदा सांगून चुकलाय की यरुशलेमेत मला ठार मारणार आहेत, आणि यांचं लक्ष खुर्चीवर! दुसऱ्यांदा तोच प्रश्न यरीहोच्या बाहेर बसलेल्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याला. तो म्हणतो, मला दिसू द्या.

येशूनं बोलावल्यावर बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उडी मारून उठतो. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “भिकाऱ्याच्या चादरीची किंमत काय?” सोलापुरात हा प्रश्न विचारल्यावर काय होणार! मागावर वाढलेली पोरं ती. ताणा, बाणा, कांड्या, रंग, वजन, सगळा हिशेब निघाला. शेवटी एक पद्मशाली पोरगा, ज्याची आई विड्या वळायची आणि बाप माग चालवायचा, म्हणाला, “बाई, तसा हिशेब न्हाई ओ. तीच त्याचं अंथरूण, तीच पांघरूण. दिवसा तिच्यावरच पैसे पडणार. ती टाकली तर रात्री झोपायचं कशात?” बाईंनी मग बायबलातलंच निर्गमाचं पुस्तक काढून वाचलं: शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत दे, कारण त्याला तेवढंच आहे. आणि म्हणाल्या, “त्यानं चादर टाकली तेव्हा तो अजून आंधळाच होता. दिसायला लागलं नव्हतं. ती परत सापडेल याची खात्री काय?” श्रद्धेवर एवढं थोडक्यात आणि एवढं नेमकं बोललेलं मी नंतर कुठल्या उपदेशपीठावरून ऐकलेलं नाही. दृष्टी आल्यावर तो घरी जात नाही, त्या वाटेनं येशूच्या मागे चालू लागतो, आणि ती वाट यरुशलेमेकडे जाते. त्याच अध्यायात थोडं आधी एक मालमत्तावाला खिन्न होऊन निघून गेलेला असतो. वर्गानं त्याला कुठंच लिहू दिलं नाही.

चौदाव्या-पंधराव्या अध्यायांत फळ्याची पार दैना झाली. येशूला धरल्यावर शिष्य सगळे पळाले. वधस्तंभ उचलायला जो शिमोन सापडतो तो पेत्र नव्हे, शेतावरून येणारा कुरेनेचा कुणी वाटसरू. ‘हा खरोखर देवाचा पुत्र होता’ हे म्हणतो रोमी शताधिपती. दुरून पाहत उभ्या राहतात त्या मग्दालिया मरीया, सलोमे आणि इतर बाया, गालीलापासून मागे आलेल्या, आणि त्यांची नावं मार्क आत्ता कुठं सांगतो. एकानं सुचवलं, डावी बाजू पुसून टाकू. बाईंनी डस्टर दिलं नाही. सोळाव्यात कबरेतला तरुण त्या बायांना सांगतो, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. ‘आणि पेत्राला’ हे वेगळं फक्त मार्कात आहे. कोंबडा आरवेपर्यंत येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचं नाव डावीकडेच राहिलं.

आता काही सभांमध्ये विश्वास म्हणजे पावती असल्यासारखं सांगतात: एवढा धरा, तेवढं मिळेल, नोकरी, व्हिसा, मुलाचा नंबर. मला ते ऐकवत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात डोंगरावर पुनरुत्थित येशूपुढे उभ्या असलेल्या अकरा शिष्यांपैकी काहींना संशय होता, आणि त्यांनाच त्यानं जगभर पाठवलं. संशय फिटेपर्यंत थांबा असं म्हणाला नाही. आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, या येशूच्या वचनात लूकानं त्याच्या शुभवर्तमानात ‘दररोज’ हा शब्द घातलाय. शिष्यपण हे असं रोजचं, बरंचसं कंटाळवाणं काम आहे, हे ज्यांच्या घरी माग चालतो त्यांना वेगळं सांगावं लागायचं नाही.

निवृत्तीनंतर मी आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये मार्क त्याच रेघेनं शिकवतो, फळा आता पांढरा आहे इतकंच. मागे एकदा गेथशेमानेचा भाग चालू होता. येशूला धरतात तेव्हा अंगावर फक्त तागाची चादर घेतलेला एक तरुण मागे असतो, त्यालाही धरतात, तर तो चादर सोडून उघडाच पळतो. एक पोरगी म्हणाली, “काका, मग चादर दोघांनी टाकली की. एकानं येताना, एकानं पळताना.” हे आमच्या बाईंनी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मुळीच नाही, पण नववीच्या पोरांपुढे उघड्या पळणाऱ्या माणसाचा विषय काढला तर पुढचा भूगोलाचा तासही हसण्यातच जाईल, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.