आवाज बंद टीव्ही आणि आमची आज्जी

आमचं घर बेळगावच्या वडगावात. इथं ज्यांचं घर आहे त्यांना सांगायला नको, मागाच्या खटखटीत टीव्ही ऐकणं म्हणजे काय असतं ते. भिंतीपलीकडं सहा माग, सकाळी सुरू झाले की लाईट गेली तरच शांत. त्यामुळं आम्ही लहानपणापासून टीव्ही ऐकला कमी आणि बघितला जास्त. आज्जीचं तर त्याहून अवघड, तिला कन्नड येतं ते बाजारापुरतं, "एष्टु" (किती) विचारायचं आणि "बेडा" (नको) म्हणायचं एवढंच. तरीपण निवडणूक आली की कन्नड चॅनेलवरची डिबेट ती दोन्ही पाय वर घेऊन, चष्मा पुसून, मन लावून बघते.

२०२३ च्या विधानसभेच्या आधी, १० मेला मतदान होतं, त्या आठवड्यातली गोष्ट. पडद्यावर सहा चौकोन, सहाही जण एकदम बोलायलेत, खाली लाल पट्टी पळतेय. मी म्हटलं आज्जी कळतंय काय तुला? तर म्हणाली, "बोलनं कशाला कळाय पायजे? त्यो वरचा बग, दुसऱ्याचं ऐकूनच घेत न्हाई. उद्या मत घेतल्यावर आपलं काय ऐकनार हाय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जातच नाही, कारण मला ते पटलंही आणि त्याची भीतीही वाटली. टीव्हीवर नेता कसा बसतो, कसा बघतो, घाम पुसतो का, हसतो का, याचा मतावर किती परिणाम होतो हे मी तेव्हापासून वाचत बसलेय.

सगळीकडं सुरुवात होते ती अमेरिकेतल्या १९६० च्या डिबेटपासनं. २६ सप्टेंबर, शिकागो, केनेडी आणि निक्सन, टीव्हीवर समोरासमोर आलेले अध्यक्षपदाचे पहिले दोन उमेदवार. निक्सन गुडघ्याच्या इन्फेक्शनमुळं त्याआधी हॉस्पिटलात पडून होता, वजन उतरलेलं, चेहरा पांढरा, अंगात फिका करडा सूट, तो कृष्णधवल पडद्यावर मागच्या भिंतीत मिसळून गेला. नीट मेकअपही करून घेतला नाही, आणि दिव्यांच्या उष्णतेनं हनुवटीवर घाम. केनेडी गडद सुटात, उन्हानं रापलेला, थेट कॅमेऱ्यात बघून बोलणारा. जवळजवळ ७ कोटी लोकांनी ते बघितलं. शेवटी केनेडी निवडून आला तो साधारण १ लाख १३ हजार मतांनी, पावणेसात कोटींहून जास्त मतदानात. एवढ्याशा फरकात त्या घामाचा वाटा किती हे कोण मोजणार, पण तेव्हापासनं प्रत्येक उमेदवार मेकअपच्या खुर्चीत बसायला लागला आणि पुढची १६ वर्षं, म्हणजे १९७६ पर्यंत, अध्यक्षपदाची अशी डिबेटच झाली नाही.

रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला वाटला आणि टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती ज्या पाहणीवर उभी आहे ती फार छोटी होती, म्हणून बरेच अभ्यासक ती धरत नाहीत. पण जेम्स ड्रकमन नावाच्या प्राध्यापकानं हीच डिबेट आताच्या लोकांना दिली, काहींना नुसती ऐकवली, काहींना दाखवली. २००३ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला, की बघणाऱ्यांमध्ये केनेडी जिंकला म्हणणारे जास्त होते, आणि त्यांनी माणसाच्या स्वभावाकडं बघून मत बनवलं होतं. मला वाचताना एकदम आमच्या घरातला खटखटाट आठवला. आमच्याकडं हा प्रयोग रोज संध्याकाळी होतो की!

आणखी एक गोष्ट लक्षात आली. नेता बोलत असताना तो सावध असतो, पाठ केलेलं असतं. दुसरा बोलत असताना कॅमेरा त्याच्यावर आला की खरी पंचाईत. १९९२ मध्ये थोरले बुश एका बाईनं प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर घड्याळाकडं बघत होते, आणि क्लिंटन मात्र उठून तिच्या जवळ गेले, तिच्या डोळ्यात बघून बोलले. २००० मध्ये अल गोर बुशच्या मुलाचं बोलणं ऐकताना मोठ्यानं उसासे टाकत होते. गंमत बघा, डिबेट संपल्या संपल्या घेतलेल्या पाहणीत गोरच थोडे पुढं होते, पण मग चॅनेलवाल्यांनी ते उसासेच दाखवायला सुरुवात केली आणि लोकांच्या मनात उसासेच राहिले. आता आपल्याकडं हेच काम व्हॉट्सअप करतं, दोन तासातले वीस सेकंद उचलायचे, वर गाणं लावायचं, की गल्लीतल्या प्रत्येक ग्रुपवर तोच तुकडा.

आणि २७ जून २०२४, अटलांटा. समोर प्रेक्षक नाहीत, आपली पाळी नसली की माईक बंद. बायडन बोलता बोलता अडकले, ट्रम्प बोलत असताना तोंड उघडं ठेवून बघत राहिले. २४ दिवसांनी, २१ जुलैला, त्यांनी माघार घेतली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या हॅरिस बाईंनी, ट्रम्प बोलत असताना भुवया उंचावत, हसत, हनुवटीला हात लावून बघत डिबेट केली, पाहण्यांनीही त्यांनाच पसंती दिली, आणि नोव्हेंबरात निवडून आले ट्रम्प. कॅरोलिन ले पेनेक आणि विन्सेंट पॉन्स या दोन अभ्यासकांनी तर १० देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट तपासल्या, आणि लोकांच्या मतावर डिबेटचा परिणाम त्यांना सापडलाच नाही. सगळ्या प्रचारभर शेजारीपाजारी, कार्यकर्ते, बातम्या यातनं जे कानावर येतं तेच जास्त चालतं असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटतं. खरं आपल्या सीमाभागाचं गणित मला यात कुठंच सापडलं नाही, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

त्याच निवडणुकीत एका कन्नड चॅनेलनं आमच्याकडं मैदानात उघड्यावर डिबेट घेतली. प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर ऊन, अँकर इकडून तिकडं माईक नाचवतोय. आमच्या ओळखीतला एक मराठी माणूस एका बाजूनं बोलायला उभा होता. मागाच्या लाईटबिलाचा प्रश्न आला. मी घरी टीव्हीवर बघत होते. तो "अदु... अदु..." (ते... ते...) करत थांबला, हातातल्या रुमालाला पीळ घातला, इकडं तिकडं बघितलं, परत "अदु". समोरचा खुर्चीत मागं टेकून, पायावर पाय टाकून, हळू हसत होता. भाऊ म्हणाला "संपला ह्यो". मीही म्हटलं, ह्याला काही माहितीच दिसत नाही.

चार दिवसांनी तोच माणूस आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मारुतीच्या देवळासमोर उभा राहून बोलला, मराठीत. आकारणी कशी होते, मीटर कुठला, छोट्या मागवाल्याला कुठं मार बसतो, हातात एकही कागद न घेता वीस मिनिटं. रुमाल खिशात होता. तोच माणूस, तेच डोकं. मी टीव्हीवर जी घाबरट नजर बघितली ती परक्या भाषेत शब्द शोधणारी नजर होती, आणि मी तिला अज्ञान समजले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. वेड्यासारखं नाही, खरोखर, कारण मी स्वतः रोज सरकारी ऑफिसच्या खिडकीवर तशीच उभी असते, कन्नड शब्द आठवत, आणि आतला माणूस मला बिनडोक समजत असेल.

२०१८ आणि २०२३, दोन्ही वेळा समितीचा, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, एकही आमदार निवडून आला नाही. त्याला बेकी आणि इतर दहा कारणं आहेत, टीव्हीवर खापर फोडायचं नाही मला. पण इथला मराठी माणूस कन्नड डिबेटमध्ये उभा राहतो तेव्हा तो निम्मी ताकद भाषेवर घालवतो, आणि बघणारी आमच्यासारखी निम्मी घरं ती भाषा अर्धवट कळणारी, म्हणजे त्याच्याकडं शब्द कमी आणि आमच्याकडं फक्त त्याचा चेहरा. असं कुठल्याच अमेरिकेतल्या अभ्यासात नसणार. आणि हे उलटंही होतं बरं का, मराठी चॅनेलवर आलेला एखादा कन्नड माणूस अडखळला की आम्हीच घरात हसतो.

आता मी काय करते, डिबेट लागली की आज्जीच्या शेजारी बसते, मागाच्या वरनं आवाज चढवून तिच्या कानात मराठीत सांगते, हा हे म्हणतोय, तो ते म्हणतोय. गेल्या लोकसभेला, ७ मेच्या आधी, असं दोन संध्याकाळी केलं. ज्याचा चेहरा तिला आवडला होता त्याचं बोलणं ऐकून तिनं नाक मुरडलं. पण तो दुसऱ्याचं ऐकून न घेणारा, त्याच्याबद्दल मी सगळं सांगितलं तरी तिचं मत तसूभर हललं नाही. "तू सांगितलंस ते ऱ्हाऊ दे," म्हणाली, "त्यो गप बसलेला कवा दिसला काय तुला?"