नारळपाणी कोण देतंय?

"नारळपाणी कोण देतंय ह्यांना?"

शहापुरातल्या वैद्यांनी अप्पांची नाडी धरायच्या आधी रिपोर्ट मागितला आणि पहिला प्रश्न हा. मी गप्प. रोज सकाळी मीच देते की! "किडनीला थंड असतंय," असं शेजारच्या काकूंनी सांगितलेलं.

वैद्यांनी एका आकड्याभोवती पेनानं गोल काढला. पोटॅशियम ५.८. "हे पाचाच्या आत पाहिजे. किडनी अधू झाली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, आणि नारळपाण्यात तेच भरलेलं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात."

मी गेले होते किडनीसाठी पुनर्नवा ह्या औषधी वनस्पतीचं चूर्ण मागायला. तेही दिलं नाही. "त्यातही पोटॅशियम असतंय. धातूंची भस्मं तर नकोतच. आधी किडनीच्या डॉक्टरांना हा आकडा दाखवा. आजच."

औषध द्यायला नकार देणारा वैद्य मी पहिल्यांदाच बघितला. (पैसेही घेतले नाहीत.) 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हे आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा मीच बोललेय.

डॉक्टरांकडे जाताना रिक्षात अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घरात दोन शहाळी हायत अजून. तू पी."