रिकामा रकाना

"तवा बोलाय सवड कुणाला आसती, बाळा?"

सकाळी गुऱ्हाळावर गुळव्या मामांनी काहिलीतला थेंबभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी वळला. गोळी झाली. मी विचारलं, गोळी व्हायच्या जरा आधी पाक असतो, त्याला काय म्हणता? त्यावर हे उत्तर. नजर काहिलीवरच.

एम.फिल. २०२२ मध्येच बंद झालं, त्यामुळे एम.ए.चा हा प्रबंध म्हणजेच माझं संशोधन. गुऱ्हाळातल्या शब्दांना जर्मन प्रतिशब्द शोधतेय. ढेप, मळी, काहील, सगळ्यांवर झगडले. पण इथं मराठीच शब्द नाही, आणि मामांचं त्यावाचून काहीच अडत नाही.

घरी आल्यापासून तक्ता उघडून बसलेय. हाताला कळतं, पण भाषेत नाही, ते प्रबंधात कसं मांडायचं? की तो रकाना तसाच ठेवू?