ब्राउन मोडून ग्रीन कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

बडोद्यात गोल्फचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. "पूर्वी लहान गावांत वाळूच्या ब्राउनवर मजेत खेळायचे, पाण्याचा थेंब लागत नव्हता. मग हा हिरवळीचा हट्ट कशाला?" ब्राउन म्हणजे भोकाभोवतीची, तेल घातलेल्या वाळूची सपाट जागा; तीच गवताची केली की ग्रीन. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं मैदान महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपीय पाहुण्यांसाठी करवलं आणि १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंहांनी ते नव्याने करून लोकांना खुलं केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा प्रश्न छावण्यांच्या आणि छोट्या गावांच्या मैदानांचा आहे, तेव्हा त्याबद्दलच बोलतो.

ब्राउन म्हणजे नाइलाजाची तडजोड, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. ते चूक होतं. अमेरिकेतलं पाइनहर्स्टचं दोन नंबरचं नामांकित मैदानसुद्धा १९३५ पर्यंत वाळूच्या ग्रीनवरच, म्हणजे ब्राउनवरच चालत होतं. चांगला ब्राउन करणं हे कसब आहे. दहाएक मीटर व्यासाचं वर्तुळ, चाळलेल्या वाळूचा दोन-तीन इंचांचा थर आणि त्यात गाडीचं काढलेलं काळं ऑइल. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, पण तळहाताला तेल सुटता कामा नये. तेल कमी पडलं तर चेंडू रुततो, जास्त झालं तर वाळू चेंडूला चिकटून येते. खेळून झालं की गोणपाट भोकापासून बाहेरच्या बाजूला गोल गोल ओढत न्यायचं, पावलांच्या खुणा पुसल्या जातात. ना मोटर, ना कापणीचं यंत्र.

मग मोडायचा कशाला? त्या तेलासाठी. जोराच्या पावसात ते वर येतं, उताराने वाहून जातं आणि दर वर्षी नव्याने घालावं लागतं. त्यात इंजिनातले जड धातू असतात. असं तेल आज कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. शेजारी विहीर असेल तर विषयच संपला.

पण मोडताना जी चूक होते, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. वाटतं, खाली वाळू आहेच, पाण्याचा निचरा होईल. वर चार इंच माती आणि शेणखत पसरू, हरळीच्या कांड्या लावू. जुलैत लागवड होते आणि ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार दिसतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की ताटाएवढे पिवळे चट्टे उठतात. कीड समजून फवारणी होते, मग युरिया पडतो. युरियाने पात फोफावते, मुळं मात्र तेवढीच राहतात, आणि चट्टे पसरत जातात. अशा वेळी कप कटर घ्यावा, म्हणजे भोक पाडायचा सव्वाचार इंची नळा, आणि चट्ट्याच्या कडेला दाबून मातीचा गड्डा वर काढावा. वरचे चार इंच माती, त्याखाली काळपट वाळू, आणि त्या दोहोंच्या सांध्यावर मुळं आडवी वळलेली. वाळूवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वरच बसतो. तेल लागलेली वाळू पाणी आत घेत नाही. पावसाळ्यात त्या थरावर पाणी तुंबून राहतं, मुळं गुदमरतात आणि गड्ड्याला नासक्या अंड्याचा वास येतो. ऑक्टोबरात गवताला तेवढ्याच चार इंचांतली ओल मिळते. एकच थर आधी गवत बुडवतो, मग सुकवतो.

वरवरच्या उपायांनी हे सुधारत नाही. जुनी वाळू पूर्ण उचलावी लागते. सोळा इंच खोदायचं, तळाशी पंधरा-पंधरा फुटांवर निचऱ्याचे पाइप, वर चार इंच बारीक खडी आणि त्यावर बारा इंच धुतलेली वाळू. पाचशे चौरस मीटरच्या एका ग्रीनला दीडशे घनमीटर वाळू लागते. मातीचा पातळ थरसुद्धा मध्ये येऊ द्यायचा नाही.

आता पाणी. मे महिन्यात रोज सहा मिलिमीटर धरा. एका ग्रीनला तीन हजार लिटर, नऊ ग्रीनना सत्तावीस हजार. दहा हेक्टर फेअरवेला, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या लांब पट्ट्यांना, त्याच हिशेबाने सहा लाख. म्हणजे पाणी फेअरवे पितो, आणि शिव्या ग्रीनला. साधी हरळी असलेला फेअरवे मेमध्ये सुकू द्यावा. जमिनीखालच्या कांड्या जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. खेळणाऱ्यांना ते रखरखीत मैदान आवडत नाही, म्हणून पाणी सोडलं जातं. तिथे तुमचा राग योग्यच आहे, मीही तुमच्याच बाजूचा.

आणि वाळू? ती नदीतूनच येते. ओरसंग नदीच्या पात्रातून दीडशे घनमीटर उचलायचे आणि वर ग्रीन निर्दोष म्हणायचं, याला माझी जीभ रेटत नाही. पण ऑइलचा डबा घेऊन पुन्हा ब्राउन घालायला निघालात, तर त्यालाही मी हो म्हणणार नाही.