पाठकोरा

माझ्या कपाटात 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा वॉटरकलर पेपर दोन वर्षं तसाच पडून होता. झेरॉक्सचा साधा कागद 70-75 चा असतो त्यावरून जाडीचा अंदाज करा. मधूनमधून एक शीट काढायची, हात फिरवायचा, उजेडात धरून बघायची आणि परत ठेवून द्यायची. एवढ्या महागाच्या कागदावर चुकलं तर?

आणि पाठकोऱ्यांवर मात्र वाट्टेल ते! एका बाजूने छापलेले प्रिंटआउट, लग्नपत्रिकांची पाकिटं, मिठाईच्या खोक्याची झाकणं, काही म्हणजे काही सोडत नाही. आजोबा असे कागद जमवून टोच्याने भोकं पाडायचे आणि दोरा ओवून आम्हाला वही करून द्यायचे, सवय तिथलीच.

लोक विचारतात कॅनव्हास का नाही करत. अहो कॅनव्हास फाडता येतो का! मी कागद फाडून, चिकटवून चित्रं करते, माझं निम्मं काम फाडण्याचंच आहे. पेपर (म्हणजे वर्तमानपत्र) उभा फाडून बघा, सरळ फाटत जातो, आडवा फाडला की हमखास वेडावाकडा. कारण मशीनवर लगदा पळत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू त्याच दिशेला झोपतात. घडीचंही तेच, तंतूंच्या बाजूने घातली तर गुमान बसते, आडवी घातली की जाड कागद तडकतो. हे कळायच्या आधी मी कित्येक ग्रीटिंगं वाया घालवली आणि शिव्या मात्र कागदाला दिल्या.

हातकागदाची गोष्टच वेगळी. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची, तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात. लगद्यात बुडवलेली जाळी माणूस हाताने हलवत वर काढतो त्यामुळे तंतू एका दिशेला न झोपता सगळीकडे गुंततात. म्हणून तो फाडला की कडेला कापसासारखी लव राहते. मी निळा-करडा रंग दिलेला हातकागद हळूहळू फाडते, पट्ट्या एकावर एक चिकटवते, झाला सह्याद्री. आणि ती पांढरी लव म्हणजे पावसाळ्यातलं डोंगरावरचं धुकं, ब्रशने मला ते आजवर एकदाही जमलेलं नाही. खळ मात्र पातळ हवी, जाड झाली की लव बसते आणि धुक्याची पिठलं-भात अवस्था होते.

तर गेल्या रविवारी भाची आली होती. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात बाईसाहेबांनी कपाट उघडून त्या महागड्या शीटवर स्केचपेनने मांजर काढली, जांभळी, सहा पायांची. मी ओरडणार तेवढ्यात शीट उलटी केली तर मागची बाजू स्वच्छ. म्हणजे पाठकोराच की हा आता! रात्री जेवणं झाल्यावर बादलीभर पाणी घेऊन बसले, दीड वाजला.