बंद रेल्वेलाइनची पायवाट करताना खडी उचलू नका

रूळ काढायचं कंत्राट देताना त्यात एक वाक्य हवंच: खडीला हात लावायचा नाही. भंगार घेणाऱ्याला रूळ हवे असतात, ते ठीकच आहे. मीटरला ५२ किलोचा रूळ धरला तर दोन रुळांचं मिळून किलोमीटरमागे १०४ टन पोलाद निघतं आणि पायवाटेच्या खर्चाला त्याचा चांगला हातभार लागतो. पण खडीलाही गिऱ्हाईक असतं. कागदावर स्पष्ट लिहिलं नसेल तर रुळांपाठोपाठ खडी जाते, पुलांचे गर्डर जातात, मार्गाखालून पाणी काढून देणाऱ्या मोऱ्यांचे लोखंडी पाइपसुद्धा जातात. मग हातात उरतो तो मातीचा उघडा बांध, पहिल्याच पावसात ओघळ पडणारा.

ही खडी म्हणजे नुसते पसरलेले दगड नव्हेत. साधारण १५ ते ३० सेंटिमीटर जाडीचा हा थर कित्येक वर्षं गाड्यांच्या वजनाखाली दबून बसलेला असतो, तरी पाणी झरझर खाली सोडतो. असा पाया नव्याने घालायचा म्हटलं तर अख्ख्या कामातला मोठा खर्च तोच होऊन बसेल. चढाचा प्रश्नही रेल्वेने आधीच सोडवलेला असतो. बहुतेक मार्गांवर तो शंभर मीटरला दोन मीटरच्या आत असतो. व्हीलचेअर, बाबागाडी, गुडघे दुखणारी आजी, सगळ्यांना झेपेल असा सलग रस्ता डोंगराळ मुलखात आज कोणी नव्याने काढून देणार नाही. म्हणूनच असा मार्ग तुकड्या-तुकड्याने विकला जाताना पाहवत नाही. भराव एकदा कापला की तो सलग उतार गेला.

हा सलगपणा कायद्यानेही टिकवावा लागतो. अमेरिकेत १९८३ साली कायदा दुरुस्त करून ‘रेलबँकिंग’ची सोय केली गेली. पुढे कधी गाडी सुरू करायची झाली तर मार्ग परत देता यावा, तोवर त्यावर पायवाट असू द्यावी, अशी ती व्यवस्था. त्यामुळे मार्ग ‘सोडून दिला’ असं कागदोपत्री होत नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते २०१४ सालच्या ब्रँट खटल्यात दिसलं. १८७५ च्या कायद्याखाली रेल्वेला मिळालेला वहिवाटीचा हक्क मार्ग सोडून दिल्यावर संपतो, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. देश कोणताही असो, आधी मोजणी आणि जमिनीचे कागद, मग कंत्राटदार.

रूळ काढताना फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे, बोल्ट गंजून बसलेले असतात. पान्याशी झटापट करण्यापेक्षा ते गॅस कटरने उडवावेत. सलग वेल्ड केलेल्या रुळांचं मात्र जपून करावं, कारण त्यांत तापमानाचा ताण कोंडलेला असतो. थंडीत कापले तर फट फाकते. कडक उन्हात रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा सुटल्या की रूळ बाजूला उसळू शकतो. मधल्या तापमानाची वेळ धरावी आणि बघ्यांना लांब ठेवावं.

रुळांखालचे आडवे स्लीपर किलोमीटरला साधारण १६०० निघतात. लाकडी असतील तर क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणूनचं विषारी तेल, पाजलेले असतात. ते जाळायचे नाहीत, त्यांची बाकडी करायची नाहीत, भाजीचे वाफे बांधायला तर मुळीच द्यायचे नाहीत. ‘राहू दे खालीच, वर माती टाकू’ हा मोह सगळ्यात वाईट. लाकूड कुजलं की दर ६० सेंटिमीटरला एक खळगा पडतो. स्लीपर काढल्यानंतरही त्यांचे ठसे खडीत उमटलेले असतात, पाटा टाकवून ठेवावा तसे एकामागून एक. खडीचा वरचा थर विंचरून सारखा केला नाही आणि जड रोलर फिरवला नाही, तर हेच ठसे वर्षभरात नव्या पृष्ठभागावर उमटतात आणि सायकलवाल्याचे हात बधिर होतात. त्याआधी ट्रॅक्टरमागे चुंबकाची दांडी लावून दोन फेऱ्या माराव्यात. खिळे, वायसर, क्लिपांचे तुकडे पाट्या भरभरून निघतात.

माती तपासून घ्यावी. तण मारायला पूर्वी रेल्वेमार्गांवर आर्सेनिकची औषधं फवारली गेली आहेत. शिवाय कोळशाची राख, तेल, क्रिओसोट आणि पुलांखाली शिशाच्या रंगाचे पोपडे सापडतात. बहुतेक ठिकाणी माती उकरून नेण्यापेक्षा ती जागच्या जागी नीट झाकणं हाच शहाणपणाचा उपाय ठरतो. यार्ड आणि इंजिनशेडच्या जागा मात्र वेगळ्या तपासाव्यात.

आता पाणी. पायवाट बिघडते ती चालणाऱ्यांमुळे नाही, पाण्यामुळे बिघडते. गाड्या चालू होत्या तेव्हा गँगमन चर आणि मोऱ्या साफ ठेवत. मार्ग बंद झाला की खोदाईच्या भागातले दोन्ही बाजूंचे चर ढासळलेल्या मातीने भरतात आणि पाणी मधूनच वाहू लागतं. भरावाच्या भागात धोका उलटा असतो. मोरी चोंदली की भरावाचं धरण होतं. तो धरण म्हणून बांधलेला नसतो. पाणी आतून झिरपत राहतं, पलीकडचा उतार भुसभुशीत होतो आणि एका रात्रीत वीस-पंचवीस मीटरचा तुकडा वाहून जाऊ शकतो. म्हणून बजेट कमी असेल तर आधी मोऱ्या साफ कराव्यात, पृष्ठभागाचं पुढच्या वर्षी बघता येईल. भरावावरची झाडं काढायची असतील तर बुंध्यापाशी सपाट कापावीत. मुळासकट उपटली की भरावात पोकळी राहते आणि पाणी नेमकं तिथे शिरतं.

जमीन सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवणाऱ्यावरही लक्ष ठेवावं लागतं. पातं फिरवताना तो जादा खडी-माती दोन्ही कडांना लोटतो आणि वीतभर उंचीचे वरंबे तयार होतात. लांबून काम छान रेखीव दिसतं. प्रत्यक्षात ती न्हाणी झालेली असते, पाण्याला बाजूला जायला वाटच नसते. ते वरंबे कापून पसरल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

पृष्ठभागासाठी दगडाची कच, दहा मिलिमीटरपासून थेट भुकटीपर्यंतची, मला डांबरापेक्षा बरी वाटते: पायाला मऊ, स्वस्त, दुरुस्तीला सोपी. धुतलेली कच घेऊ नये, भुकटी नसेल तर ती बांधली जात नाही आणि वाळूसारखी सरकत राहते. थेट खडीवरही ओतू नये, पोकळ्यांतून ती गाळणीतून गेल्यासारखी खाली उतरते. आधी वीस मिलिमीटर खडीचा पाच सेंटिमीटरचा थर द्यावा किंवा जिओटेक्सटाइलचं कापड अंथरावं. तीन मीटर रुंद, दहा सेंटिमीटर दबलेल्या थराला किलोमीटरमागे ३०० घनमीटर माल बसतो, सैल मोजला तर ३९० च्या आसपास, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या चाळीसेक खेपा. डंपर भरावावर वळत नाही, म्हणून आत यायला एकच वाट असेल तर पलीकडच्या टोकापासून काम सुरू करावं. नाहीतर केलेल्या कामावरूनच चाकं जातात. पाणी मारून, मूठ आवळली की गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये इतपत ओल ठेवून रोलर फिरवावा. मध्याला कडेपेक्षा तीन सेंटिमीटर उंची ठेवली की दोन्हीकडे दोन टक्के ढाळ मिळतो. त्याहून जास्त दिला तर व्हीलचेअर कडेला ओढली जाते. साइडपट्टी प्रत्येक बाजूला किमान ६० सेंटिमीटर मोकळी हवी.

जिथे चढ पाच टक्क्यांच्या वर जातो तिथे कच टिकत नाही, डांबर किंवा काँक्रीटच लागतं. अशी जागा हटकून येते ती पूल काढून नेलेल्या ठिकाणी. सहा मीटर खाली उतरायचं तर विसास एकच्या उताराला एका बाजूला १२० मीटर लांबी लागते. ही जागा नकाशावर आधीच मोजली नसेल तर शेवटी पायऱ्या येतात आणि चाकांवरची माणसं तिथून परत फिरतात.

उन्नत मार्ग हा खडीच्या नियमाला खरा अपवाद. न्यूयॉर्कच्या हाय लाइनचा, म्हणजे खांबांवरच्या जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेचा, पहिला टप्पा २००९ साली खुला झाला, त्याआधी सगळं काँक्रीटपर्यंत उतरवून गळती बंद करावी लागली. रुळांना खुणा करून ठेवल्या होत्या, त्यांतले बरेच पुन्हा जागेवर बसवले.

साध्या पुलांबद्दल ‘गाडी पेलली तो माणसं पेलेलच’ असं म्हणतात. गर्डरपुरतं ते बहुधा खरंही असतं. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला किंझुआ रेल्वेपूल २००३ साली टोर्नेडोत कोसळला, तो मनोऱ्यांना पायाशी धरून ठेवणारे शतकाहून जुने बोल्ट गंजले होते म्हणून. उरलेल्या भागावर २०११ साली चालायची सोय झाली. तेव्हा पाहणी खालून सुरू करावी: बोल्ट, गर्डर ज्यांवर टेकतात ती बेअरिंग, खांबाच्या पायाशी पाण्याने केलेली खरवड. वरच्या फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या ठोकाव्यात. उभ्या ठोकल्या तर सायकलचं चाक फटीत अडकतं. कठडा १.१ मीटरपेक्षा कमी नको.

बोगद्यात वीट सैल आहे का आणि पाणी कुठे टपकतं ते आधी बघावं, दिवे नंतर. अमेरिकेतल्या ग्रेट अलेघनी पॅसेज या अशाच पायवाटेवरचा बिग सॅव्हेज बोगदा सुमारे एक किलोमीटरचा आहे. बर्फाने नुकसान होऊ नये म्हणून तो हिवाळ्यात दारं लावून बंद ठेवतात.

रस्ता ओलांडताना पायवाट काटकोनात आणावी. गाड्या अडवायला खांब लावायचे तर एक किंवा तीन, दोन नकोत. दोन लावले की दोन्हीकडचे लोक मधल्याच फटीतून घुसतात. फट दीड मीटरची, आणि मधला खांब रुग्णवाहिकेसाठी काढता येणारा हवा.

प्रत्येक मोरीला क्रमांक रंगवावा. पहिल्या मोठ्या पावसात भरावावर उभं राहून, खाली न उतरता, दोन्ही तोंडं बघावीत. वरच्या बाजूला पाणी तुंबलंय आणि खालच्या तोंडातून बारीक धार येतेय, असं दिसलं की तो क्रमांक वहीत टिपावा. ओसरल्यावर टॉर्च मारली की आत अडकलेला ओंडका किंवा खचलेली वीट दिसते.